आमच्या ह्यांचा ऑपेरा

आमचे हे तीन महिने व्हिएन्नाला राहून परत आले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात खोकायची चोरी झाली.

हे तेव्हा दुबईच्या देरा भागात एका अरब व्यापाऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दुबईत वीज नवी होती, पाणी गाढवावरून यायचं, एमिरेट्स हे नावसुद्धा अजून जन्मलं नव्हतं. मालकानं, म्हणजे सगळे ज्याला अरबाब म्हणायचे त्यानं, ऑस्ट्रियातून नवं यंत्र मागवलं आणि ते चालवायला शिकून यावं म्हणून ह्यांना तिकडे पाठवलं. शिकायचं काय, तर अमोनियाचे पाइप कसे जोडायचे. ते हे शिकले असणार, कारण यंत्र पुढे पुष्कळ वर्षं नीट चाललं. पण परत आल्यावर त्यांच्या तोंडून अमोनिया हा शब्द मी ऐकला नाही. ऐकला तो फक्त ऑपेरा.

विमानतळ म्हणजे तेव्हा दाबून बसवलेली वाळू. जूनच्या भर दुपारी त्या वाळूवर हे काळा लोकरीचा कोट घालून उतरले. बाकीचे प्रवासी शर्टाची बटणं सोडून वारा घेत होते. हे गळ्यापर्यंत बटणं लावून, मान ताठ ठेवून, चेहऱ्यावरून घाम निथळत असताना हळूहळू चालत आले. हातात एक जड पेटी होती. मला वाटलं, आपल्यासाठी कापड असेल. पेटीत रेकॉर्ड प्लेअर निघाला, रेकॉर्डचा गठ्ठा निघाला, आणि माझ्यासाठी निघाली शिंपल्याच्या मुठीची एक इवलीशी दुर्बीण.

"ऑपेरा ग्लासेस," हे म्हणाले. "तिकडच्या बायका ह्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत."

आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटातलं स्वयंपाकघर. चुलीपाशी बसून हात लांब केला तर दाराची कडी लागायची. तिथे मी दुर्बिणीतून काय पाहायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी ती गच्चीवर नेली आणि खाडीत कुठल्या होडीतून सुरमई उतरतेय ते पाहायला लागले. त्या कामाला ती उत्तम होती.

पुढच्या काही आठवड्यांत ह्यांना आमच्यातलं काहीच पसंत पडेना. सांदणं गोड लागेनात, कालवण तिखट लागे. आम्ही मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं हसतो, चहाचा आवाज करतो. तिकडे म्हणे माणसं कॉफीचा एक कप घेऊन दुपारभर बसतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, मग घरीच का नाही बसत? ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी नमाजाच्या चटईवर मासे साफ करायला बसले होते. तिकडे बायकांचा हात ओठांना लावून सलाम करायची रीत आहे असं सांगून एकदा हे शेजारच्या भाबीचा हात धरायला गेले. भाबी मूळची श्रीवर्धनची, वाकड्यात शिरणारी नाही. तिनं हातातली परात मध्ये धरली आणि म्हणाली, "भाईजान, आधी हिला विचारा."

मग सुरू झाल्या गुरुवारच्या बैठकी.

आमच्या अंगणाभोवती पाच खोल्या होत्या आणि सगळे आपलेच, रत्नागिरी नाहीतर रायगडकडचे. दर गुरुवारी रात्री इशाच्या नमाजानंतर सगळ्यांनी गच्चीवर यायचं, असं ह्यांनी ठरवलं. पुरुषांनी पुढे, बायकांनी मागे. पान खायचं नाही, पंख्यानं वारा घालायचा नाही, मूल रडलं तर खाली न्यायचं. मध्येच टाळी वाजवायची नाही. टाळी कधी वाजवायची ते हे सांगणार. रेकॉर्ड प्लेअर स्टुलावर, शेजारी हे कोट घालून उभे. वायर खिडकीतून वर ओढलेली.

पहिल्या गुरुवारी एक बाई जी ओरडायला लागली ती थांबेचना. आमच्या गावचे एक हाजी चाचा होते, दोरखंडाचं दुकान चालवायचे, वयानं सगळ्यांत वडील. गाणंबजावणं त्यांना मुळात पटायचं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बेटा, हिला झालंय तरी काय?"

"ती मरतेय, चाचा."

"मग डॉक्टर?"

"चाचा, ऐका. हे दुःख आहे. हे आतून ऐकायचं असतं."

"आतून ऐकतो," चाचा म्हणाले. "पण आपल्याकडे मय्यतीलासुद्धा इतकी शिस्त नसते हो."

भाबीनं तोंडात पदर कोंबला. मी खाली बघत राहिले. ह्यांनी सुई उचलली आणि ती बाई पहिल्यापासून मरायला लागली.

तरीही लोक दर गुरुवारी यायचे. हे मला अभिमानानं सांगायचे, "बघ, हळूहळू कान तयार होतायत." कान कसले तयार होतायत? हे येताना कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून बर्फाची अर्धी लादी आणायचे. ती फोडून मी सब्जाचं सरबत करायची. त्या उन्हाळ्यात दुबईतल्या गरिबाला बर्फ घातलेलं सरबत दुसरं कोण देणार होतं? लोक ग्लास हातात घेऊन बसायचे, बर्फ विरघळेपर्यंत डोळे मिटायचे, आणि ते मिटलेले डोळे पाहून ह्यांना वाटायचं, संगीत आत शिरतंय. हाजी चाचा तर उघड म्हणायचे, "गाण्याचा गुन्हा ह्याच्या डोक्यावर. सरबतात काही गुन्हा नाही." हे सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ह्यांना, आणि इतकं साधं जो माणूस पाहू शकत नाही त्याला व्हिएन्नात काय दिसलं असेल, असा मला प्रश्न पडायचा.

त्याच वर्षी माझी सासू गेली. मुंबईच्या बोटीनं आलेल्या एका गाववाल्यानं दारात उभं राहून बातमी दिली. दफन होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. दुबईला येण्याआधी तिच्या शेवटच्या दुखण्याची सुरुवात मी पाहिली होती, तिचं हगणं-मुतणं काढलं होतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. ह्यांनी दुआ म्हटली, त्या माणसाला बसायला खुर्ची दिली, प्रवास कसा झाला ते विचारलं. चेहरा कोरडा ठणठणीत. मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, रात्री रडतील. रडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कुराणातलं यासीन पढवून घेतलं, गरिबांना जेवण घातलं, सगळं रीतसर केलं. एक गुरुवार बैठक बंद ठेवली. पुढच्या गुरुवारी पुन्हा कोट चढवला.

पावसाळा संपता संपता, म्हणजे आमच्याकडे तो नुसता कॅलेंडरवर, अरबाबचा पुतण्या कारखान्याचा हिशेब बघायला आला आणि त्यानं घरी बर्फ न्यायला मनाई केली. त्या गुरुवारी मी साध्या पाण्याचं सरबत केलं. हाजी चाचांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि गुडघा दुखतो म्हणून उठले. त्याच्या पुढच्या गुरुवारी भाबी आणि तिचा नवरा आले, तेही बिचारे माझ्यासाठी. त्याच्या पुढच्याला कोणीच नाही. हे रिकाम्या चटयांसमोर कोट घालून उभे राहिले. खालून अंगणातून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. कोणीतरी रेडिओ लावला होता.

"गावंढळ," हे म्हणाले. "ह्यांना बर्फच हवा होता."

शेवटी कळलं तर. पण त्यातून हे काय शिकले? काही नाही. लोक वाईट निघाले, एवढंच.

संगीताचा ह्यात काही दोष नव्हता, हेही सांगते. हे कामावर गेले की मी कधीकधी स्वतःच रेकॉर्ड लावायची. त्या गठ्ठ्यात एक अशी होती जिच्यात कोणी गात नव्हतं, नुसती तारेची वाद्यं, जाड आवाजाची. मी तांदूळ निवडत ऐकायची. मला त्यात कोणी मरताना दिसायचं नाही, कोणी राजपुत्र दिसायचा नाही. मला ते आवडायचं, इतकंच. भाबी यायची, भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "हे बरं आहे. असं का नाही लावत भाईजान?" आम्ही दोघी ऐकत ऐकत बोलायचो, खोकायचोसुद्धा. ह्यांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला त्या रेकॉर्डचा अर्थ समजावून दिला असता.

तीन-चार वर्षांनी अबुधाबीला तेलाचा पैसा यायला लागला आणि अरबाबनं तिथे दुसरा, मोठा बर्फाचा कारखाना काढायचं ठरवलं. यंत्र पसंत करायला तो स्वतः व्हिएन्नाला निघाला. ह्यांना सोबत घेतलं. अरबाबच्या बायकोच्या डोळ्यांवर पडदा येत होता, तिला तिथल्या डॉक्टरला दाखवायचं होतं. तिच्यासोबत बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं. आम्ही तिला आपापसात अरबाबीण म्हणायचो. वयस्क, बुटकी, नाकावर अरब बायका बांधतात तो निळसर चकाकणारा, मुखवट्यासारखा कडक बुरखा. नवऱ्याबरोबर तरुणपणी मुंबईला राहिलेली, त्यामुळे मुंबईची हिंदी फर्डी बोलायची.

ह्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "आता तू बघशील," विमानात मला म्हणाले. "आता तुला कळेल मी काय सांगत होतो. तिथे मला ओळखतात. ऑपेरात माझी जागा आहे."

"जागा म्हणजे?"

"माझी जागा. ठरलेली."

मी खुर्चीच समजले. लाल मखमलीची खुर्ची, असं ते इतक्या वेळा बोलले होते की मी त्यात त्यांना बसवलंही होतं.

व्हिएन्नात थंडी होती, आणि सगळ्या इमारती एखाद्या श्रीमंत घरच्या म्हाताऱ्यांसारख्या, अंगावर दागिने आणि तोंडावर आठ्या. पहिल्याच दिवशी हे मला त्यांच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. दारातून आत शिरताना त्यांनी वेटरला मान झुकवून काहीतरी जर्मन म्हटलं. वेटरनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आम्ही बसलो. वेटर आजूबाजूला फिरत राहिला. मागाहून आलेल्यांना कॉफी मिळाली, त्यांची पिऊनही झाली. हे हसून म्हणाले, "इथे घाई नसते." अखेर वेटर आला, ह्यांनी पुन्हा ते जर्मन म्हटलं, आणि तो इंग्रजीत म्हणाला, "व्हॉट?"

बाहेर पडल्यावर म्हणाले, "तो नवा आहे. जुना असता तर..."

वेटर साठीचा होता.

संध्याकाळी हे आणि अरबाब शहर बघायला जायचे. हे आधी त्याला उंची नाचघरात घेऊन गेले, मग गाण्याच्या तळघरात, मग शहराबाहेर द्राक्षाच्या मळ्यात, जिथे लोक लांब बाकांवर बसून नवी दारू पितात आणि अकॉर्डियनच्या तालावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलतात. मळ्यात एकदा आम्हा दोघींनाही नेलं. ह्यांच्यासमोर ग्लास होता.

"हे काय?" मी विचारलं.

"द्राक्षाचा रस."

"मग मलाही द्या थोडा."

ह्यांनी ग्लास माझ्यापासून लांब सरकवला. शेजारच्या बाकावरच्या एका जाड्या माणसानं ह्यांच्या खांद्यावर हात टाकला, आणि हे त्याच्याबरोबर डुलायला लागले, डोळे मिटून, गाण्याचे शब्द येत नसताना ओठ हलवत. त्या जाड्यानं दुसऱ्या हातानं मित्रांना ह्यांच्याकडे बोट दाखवलं, आणि ते सगळे हसले. हे पण हसले. त्यांना वाटलं, आपण त्यांच्यात आहोत.

अरबाबीण बुरख्याआडून माझ्याकडे वळली. "तेरा आदमी हमेशा ऐसा है?"

"नहीं," मी म्हटलं. "घर में कोट पहनता है."

अरबाबला ह्या सगळ्याचा लवकरच कंटाळा आला. नाचघरातल्या बायका म्हणे फार हडकुळ्या होत्या. त्याला त्या शहरात एकच गोष्ट मनापासून आवडली: जत्रेच्या मैदानातला तो राक्षसी पाळणा. रोज संध्याकाळी तो तिथे जाऊन बसायचा, डब्यात बसून वर जायचा, खाली यायचा, पुन्हा तिकीट काढायचा. वरून ओरडायचा, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. हे खाली उभे राहून घड्याळ बघायचे. ह्यांना त्याची लाज वाटायची. मला वाटतं, आमच्या चौघांत त्या शहराची मजा खरी कोणी लुटली असेल तर त्यानं.

मग ऑपेराचा दिवस आला. यंत्राच्या कंपनीनं अरबाबला खूश करायला एका बॉक्सची, म्हणजे बाजूच्या खास सज्ज्याची, तीन तिकिटं दिली: अरबाबला, अरबाबिणीला, आणि तिच्यासोबत मला. ह्यांना नाही. मला वाटलं ह्यांना राग येईल. उलट हे ऐटीत म्हणाले, "मला कशाला? माझी जागा आहेच."

मी ती दुर्बीण बरोबर आणली होती. बॉक्समध्ये आम्ही बसलो तेव्हा त्या दुनियेतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या दुर्बिणी वर केल्या आणि अरबाबिणीच्या बुरख्यावर रोखल्या. रंगमंचावर पडदा उघडला तरी काहींच्या तशाच रोखलेल्या. ह्यांनी ज्यांची सभ्यता आम्हाला चार वर्षं शिकवली त्या ह्या. अरबाबिणीला एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, पण एवढं कळलं. तिनं हात वर करून, राणीनं करावा तसा, त्यांना सलाम केला. तेव्हा कुठे दुर्बिणी खाली झाल्या. अरबाब पहिल्या दहा मिनिटांत तोंड उघडं टाकून झोपला.

मी माझी दुर्बीण खुर्च्यांवरून फिरवली. लाल मखमलीच्या एकेका खुर्चीत ह्यांना शोधलं. नव्हते. मग अगदी मागे, खुर्च्या संपतात तिथे, कठड्यांच्या रांगा दिसल्या आणि त्यांच्यामागे दाटीवाटीनं उभी असलेली माणसं: विद्यार्थी, म्हातारे, पिशव्या घेतलेल्या बायका. कठड्याला जागोजाग रुमाल आणि मफलर बांधलेले, जागा धरायला. एका रुमालाची किनार मी ओळखली, कारण ती मी शिवली होती. त्याच्यामागे काळ्या कोटात हे उभे होते. ही त्यांची जागा. उभं राहायची जागा, आणि तीसुद्धा रोज रुमाल बांधून धरायची.

उभं राहण्यात काही कमीपणा नाही. ज्याला गाणं ऐकायचंय तो उभ्यानंही ऐकतो. पण मग मखमल कशाला सांगायची? आमच्या हाजी चाचांना खाली बसवून स्वतः ताठ उभं राहून कोणाचा तोरा मिरवत होते हे?

समोरच्या गाण्यात एक बाप आपल्या मुलीचा निरोप घेत होता, एवढं मला समजलं. एका क्षणी सगळे एकदम गायला लागले, बाप, मुलगी, मागे उभे असलेले शिपाई, प्रत्येकाचं वेगळं, आणि तरी कोणी कोणाच्या आड येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. हे सांगायला मला लाज नाही. रेकॉर्डमध्ये जे किंचाळणं वाटायचं ते त्या भल्यामोठ्या दालनात किंचाळणं नव्हतं. अरबाबिणीनं माझा हात धरला होता. मी दुर्बीण पुन्हा मागे वळवली, का कोण जाणे.

हे रडत होते. उघड, गालांवरून ओघळ, पुसायचंही भान नाही. तोंड वेडंवाकडं झालेलं. खांदे हलत होते. शेजारच्या पोरीनं ह्यांना रुमाल दिला.

मी दुर्बीण खाली ठेवली. अंगावरचा काटा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अरबाबिणीला आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

मी म्हटलं, "काल तुम्ही रडत होतात."

ह्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, मी कौतुक करतेय. "दिसलो का तुला? त्या जागी मी दर वेळी रडतो. बापाचं ते दुःख... तुला नाही कळायचं. ती कला आहे."

"आणि अम्मी?"

"काय अम्मी?"

"अम्मी गेल्या तेव्हा नाही रडलात."

ह्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. मला वाटलं, आता काहीतरी येईल, इतक्या वर्षांचं काहीतरी. मग म्हणाले, "अम्मीचं वय झालं होतं."

तेवढ्यात नर्सनं मला आत बोलावलं.

त्यानंतर मी ह्यांच्याशी भांडायचं सोडून दिलं. माणूस ज्याला मानतो त्याच्याशीच भांडतो.

अरबाबिणीचा एक डोळा बरा झाला, यंत्र पसंत झालं, आणि वर्षभरात आम्ही अबुधाबीला राहायला गेलो. हे नव्या कारखान्याचे इन्चार्ज. तेव्हा अबुधाबी म्हणजे वाळू, खणलेले खड्डे, आणि त्या खड्ड्यांत रोज नवं काहीतरी ओतणारे कंत्राटदार. गोऱ्या इंजिनिअरांची वेगळी वसाहत होती, तारेच्या कुंपणात. तिथे एका इंजिनिअरची मेमसाहेब दर आठवड्याला घरी रेकॉर्डचा कार्यक्रम करते असं ह्यांच्या कानावर आलं. हे कोट घालून, बगलेत आपल्या सगळ्या रेकॉर्ड घेऊन गेले.

उशिरा परत आले ते हसतमुख. "फार सुसंस्कृत बाई. माझ्या रेकॉर्ड पाहून चकित झाली. ठेवून घेतल्या, म्हणाली सगळ्यांना ऐकवू."

"तुम्हाला बसवलं?"

"गर्दी होती. मी पॅन्ट्रीच्या दारातून ऐकलं. तिथून आवाज चांगला येतो."

पुढच्या आठवड्यापासून हे तिथे जाताना बर्फ न्यायला लागले. आता कारखाना ह्यांच्याच ताब्यात होता, कोण अडवणार? मेमसाहेबच्या पाहुण्यांच्या ग्लासांत तो बर्फ पडायचा, आणि हे पॅन्ट्रीच्या दारात, बटलरच्या शेजारी, उभे. एकदा त्यांचा एअर कंडिशनर बंद पडला, तो ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर करून तिथल्या तिथे दुरुस्त केला. त्या दिवशी मेमसाहेबनं ह्यांना आत बोलावलं, सगळ्यांना सांगितलं, "धिस इज अवर आइस मॅन," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, जेवताना, दोनदा.

मला त्या गोऱ्यांचा राग आला, नाही असं नाही. पण ते जसे होते तसेच होते, त्यांनी काही लपवलं नव्हतं. राग आला तो ह्यांचा. हाजी चाचांनी बर्फासाठी यावं तर ते गावंढळ, आणि ह्यांनी बर्फ घालून घालून पॅन्ट्रीच्या दारात उभं राहावं तर ती संस्कृती.

दोन हिवाळे असे गेले. मग त्या इंजिनिअरचं काम संपलं, आणि मेमसाहेब सामान विकून निघाल्याची बातमी आमच्या धोब्यानं आणली. रेकॉर्ड प्लेअर, फर्निचर, रेकॉर्डचा सगळा साठा कोणा दुसऱ्या इंजिनिअरनं घेतला होता.

"तुमच्या रेकॉर्ड?" मी ह्यांना विचारलं.

"असतील त्यातच."

"मागा ना मग."

"असं कसं मागायचं? इतके दिवस त्यांनी आपल्याला ऐकू दिलं."

ह्या वाक्यावर मी उठले. दुसऱ्या दिवशी हे कारखान्यात गेल्यावर डोक्यावर ओढणी घेतली, टॅक्सी केली आणि कुंपणाच्या आत गेले. दार बटलरनं उघडलं, आमच्याच दापोलीकडचा निघाला. तो मला बघून घाबरला. मी म्हटलं, "भाऊ, बाईंना बोलव."

मेमसाहेब आली. उंच, उन्हानं नाक सोललेलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या रेकॉर्ड इथे आहेत, त्या न्यायला आले.

"ओह," ती म्हणाली. "त्या त्याच्या होत्या? मला वाटलं त्यानं भेट दिल्या."

"भेट बर्फ होता," मी म्हटलं. "रेकॉर्ड नाही."

तिचा चेहरा लाल झाला. पण बाई वाईट नव्हती. तिनं खोकी उघडायला लावली, आणि बांधलेल्या सामानातून आम्ही दोघींनी खाली बसून रेकॉर्ड निवडून काढल्या. एक सापडली नाही, एक तडकली होती. बाकीच्या मी ओढणीत बांधून घरी आणल्या आणि टेबलावर ठेवल्या.

हे संध्याकाळी आले. रेकॉर्ड पाहिल्या. हात लावला नाही.

"तू तिकडे गेली होतीस?"

"हो."

"त्यांच्या घरी? मागायला?"

"आपल्याच तर होत्या."

मी ह्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचं नाक कापलं होतं, चार लोकांत त्यांनी जे कमावलं होतं ते मातीत घातलं होतं, माझ्यासारख्या बाईला सभ्यता म्हणजे काय ते जन्मात कळणार नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, कपाटातून कोट काढला, बटणं लावली, आणि बाहेर पडले. कारखान्यातून एक लादी घेऊन मेमसाहेबकडे गेले, माझ्या वतीनं माफी मागायला.

तासाभरानं परतले. चेहरा शांत झाला होता.

"मी सगळं नीट समजावून सांगितलं," हे म्हणाले. "तिनं आपल्याला माफ केलं."

आपल्याला, म्हणाले.

लग्न झाल्यापासून ह्यांच्याआधी मी कधी जेवले नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. मी उठले, भाकरी घेतली, कालवण वाढून घेतलं, आणि त्यांच्यासमोर बसून सावकाश जेवायला लागले. हे उभे होते, कोटासकट. जरा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग कोट काढून खुंटीला लावला, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, कालवणात मीठ कमी आहे.